कस बरोबर निघाला, वजन नाही: गिन्न्यांच्या खरेदीत झालेली फसवणूक

दहा जुनी सॉव्हरिन, म्हणजे सोन्याची ब्रिटिश नाणी, घेतली. आपण सरसकट गिनी म्हणतो तीच, मागे घोड्यावर बसलेला सेंट जॉर्ज. एकाचं वजन 7.988 ग्रॅम, म्हणजे दहांचं 79.88. पैसे पूर्ण वजनाचे मोजले. घरी काट्यावर टाकली तर भरली 77.46. तब्बल 2.42 ग्रॅम सोनं गायब!

डोळे झाकून घेतली असं कुणी म्हणू नये. मी यंत्रावर कस काढून घेतला होता. दहाही नाणी बावीस कॅरेटचीच निघाली. निघणारच, कारण भेसळ झालीच नव्हती. ही ती जुनी युक्ती: चामड्याच्या पिशवीत नाणी भरून खूप वेळ खळखळवायची, मग पिशवी जाळून राखेतून सोन्याचे कण काढायचे आणि नाणी पुन्हा पूर्ण किमतीला चालवायची. कडा कातरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून नाण्यांच्या कडेला खाचा आल्या. इंग्लंडमध्ये तर कातरणं राजद्रोह होता, त्यासाठी जीव जायचा. पिशवी मात्र एका जागी कापत नाही, सगळीकडून थोडं थोडं खाते. कस तपासून हे कळत नाही. आधी वजन करा.

मला ते दिसलं होतं, याचाच संताप येतो. पहिलं नाणं उचललं तेव्हा कडेच्या खाचा नखाला बोथट लागल्या. घोड्याचा गुडघा सपाट होता, ते एक वेळ वापरानं होतं. पण मोकळ्या सपाट भागावर बारीक बारीक टोचे होते, सगळीकडे सारखे. हातातून हातात फिरून झिजलेलं नाणं असं दिसत नाही, तिथे उंचवटे आधी गुळगुळीत होतात. मी विचारलं, तर विकणारा म्हणाला, "साहेब, शंभर वर्षांचा माल आहे, झिजणारच. आणि गिनी नगावर विकतात, वजनावर नाही." काटा त्याच्या कोपराशी होता, वर कापड टाकलेला. ते कापड उचला, एवढं म्हणायला मला संकोच वाटला. तुम्ही संकोच करू नका. आणि पावतीवर प्रत्येक नाण्याचं वजन लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त "10 नग" आहे.

पोलीस म्हणाले, सोनं खरं आहे ना, मग फसवणूक कसली? वजनमापं खात्यानं त्याचा काटा तपासून तो अचूक असल्याचं कळवलं. अहो, काटा अचूकच आहे, त्यानं तो वापरलाच नाही ही माझी तक्रार आहे! तिसरीकडे सांगितलं, पावतीत वजनच नाही तर घट कशी सिद्ध करणार? तीन महिने मी फक्त टेबलं बदलतोय. 1870 च्या ब्रिटिश नाणे कायद्यात हे स्वच्छ लिहिलं होतं: 122.5 ग्रेनच्या, म्हणजे सुमारे 7.94 ग्रॅमच्या खाली उतरलेलं सॉव्हरिन समोर आलं की घेणाऱ्यानं ते कापायचं किंवा मोडायचं आणि तोटा देणाऱ्यानं सोसायचा. माझं सगळ्यात जड नाणं 7.81 भरतं. त्या नियमात दहाची दहा बाद झाली असती आणि तोटा त्याच्या गळ्यात पडला असता.

परत घ्या म्हणालो, तर हाच माणूस मला म्हणतो, "वजनावर घेतो."

परवा त्याच्या काचेखाली आणखी सहा गिन्न्या मांडलेल्या दिसल्या. शेजारी काटा, त्यावर तेच कापड.