दीक्षित करायचं की दिवेकर?

ऑफिसात वाढदिवसाचा केक फिरतो तेव्हा एक हात हमखास मागे जातो: "नको, मी दीक्षित करतोय." शेजारच्या टेबलावर त्याच वेळी शेंगदाणे आणि गुळाचा खडा असलेली डबी उघडते. ती दिवेकरवाली. 2018 च्या आसपास वजन उतरवण्याच्या आहारपद्धतींच्या या दोन नावांवरून मराठी घरांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर भांडणं झाली, विनोद झाले. पण ज्याला खरंच ठरवायचं होतं, तो होता तिथेच राहिला. आमच्या घरात मी पहिली पद्धत धरून आहे आणि बायको दुसरी. स्वयंपाकाचा ओटा एकच आहे.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीचं मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांकडे जातं. मांडणी अशी, की खाल्लं की इन्शुलिन पाझरतं, आणि इन्शुलिन वर असताना शरीर साठवलेली चरबी मोकळी करायला फारसं तयार नसतं. म्हणून तोंड दिवसातून दोनदाच उघडायचं. कडकडून भूक लागण्याच्या आपल्या दोन वेळा शोधायच्या, जेवण 55 मिनिटांत संपवायचं, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे: सुरू करण्याआधी उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असं ते सांगतात. म्हणजे श्रद्धेवर चालायची गरज नाही.

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दुसऱ्या टोकाने येतात. सकाळची सुरुवात चहाने नको. केळं किंवा भिजवलेले बदाम खा. मग दर दोन तासांनी थोडं थोडं. जास्त हालचाल असेल तेव्हा जास्त, कमी असेल तेव्हा कमी, आणि रात्रीचं जेवण झोपेच्या दोन तास आधी. त्यांनी तूप, भात, काजू, आंबा या गोष्टींवरचा अपराधाचा शिक्का पुसला. वरण-भातावर तूप घेताना इकडेतिकडे बघणाऱ्या एका पिढीवर हे उपकारच म्हणायचे.

दीक्षितांकडे पूर्णविराम आहे, दिवेकरांकडे स्वल्पविराम. पहिल्यात दिवसातून दोनदाच स्वतःला आवरायचं, मग दुकान बंद. दुसऱ्यात पाच-सहा वेळा दार उघडायचं आणि प्रत्येक वेळी चार घासांवर उठायचं. मला ते जमत नाही. चिवड्याचा डबा उघडला की तळ दिसेपर्यंत माझा हात थांबत नाही. तो उघडायचाच नाही, हे मला सोपं जातं. बायकोचं उलटं. ती दोन चमचे चिवडा खाऊन झाकण लावते (हे मला अजून गूढ वाटतं), पण पाच तास उपाशी राहिली की तिचं डोकं दुखायला लागतं आणि मग समोर येईल ते ती दुप्पट खाते. पहिल्या पंधरा दिवसांत तिने माझ्यासोबत दीक्षित करून पाहिलं. त्या पंधरा दिवसांबद्दल घरात फारसं बोललं जात नाही.

वेळापत्रकही बघावं लागतं. शाळेत शिकवणाऱ्याला दर दोन तासांनी खाणं तासांच्या घंटेशी जुळवावं लागतं, लोकलमध्ये लटकणाऱ्याला डबी उघडायला हात मोकळा नसतो. अशांना दोन जेवणं सोपी. रात्रपाळीवाल्याची भूकच घड्याळाशी फारकत घेते, त्याने दोन्हीकडे जपूनच जावं. शिवाय दर दोन तासांचं ते भिजवणार, निवडणार, डबीत भरणार कोण, हेही आधी ठरवा. बऱ्याच घरांत "मी दिवेकर करतोय" याचा अर्थ बायकोचं काम वाढलं एवढाच होतो. दीक्षितांची अडचण दिवाणखान्यात येते. "चहासुद्धा नाही?" म्हणून मावशी रुसते. पातळ ताकावर तडजोड होते, पण सत्यनारायणाच्या प्रसादाचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.

शास्त्राचा निकाल कुणाकडे? एकूण खाणं सारखंच ठेवलं, तर जेवणाच्या संख्येने वजनात फार फरक पडत नाही, असंच बऱ्याच नियंत्रित प्रयोगांत दिसतं. दीक्षितवाले मात्र 2014 साली प्रसिद्ध झालेला प्राग इथला एक अभ्यास पुढे करू शकतात. टाइप 2 मधुमेहाच्या 54 जणांना 12 आठवडे दोन मोठी जेवणं आणि 12 आठवडे सहा लहान खाणी दिली, उष्मांक सारखेच. वजन दोन्हींत उतरलं: दोन जेवणांत सरासरी 3.7 किलो, सहांत 2.3. पण ती दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं. आपल्याकडे लोक दुपारी दोन आणि रात्री दहा असं जुळवतात आणि त्याच निकालाची अपेक्षा ठेवतात. मीही वर्षभर तेच केलं. जेवण संध्याकाळी साडेसातला आणल्यावर निदान माझं पित्त तरी बसलं.

आणि भांडणाच्या गडबडीत एक गोष्ट झाकली जाते: बिस्किटं, फरसाण, गोड पेयं दोघंही बाजूला सारतात, घरचं खा म्हणतात आणि अंग हलवायला लावतात. उतरलेल्या किलोंपैकी किती यातून उतरले आणि किती घड्याळातून, हे कुणाला सांगता येणार?

एका बाबतीत मात्र आवडनिवड नाही. इन्शुलिन टोचणारे किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणारे अचानक दोन जेवणांवर आले, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय सुरुवात नको. टाइप 1 मधुमेह, गरोदरपण, स्तनपान आणि वाढीचं वय यांत तर दोन जेवणांचा विचारच नको. दिवेकर पद्धतीत एवढा तातडीचा धोका नाही, पण मधुमेह्याने केळं, आंबा, गूळ यांना मिळालेली मोकळीक स्वतःच्या ग्लुकोमीटरवर तपासून घ्यावी: खाण्याआधी एकदा, दोन तासांनी एकदा.

अजूनही ठरत नसेल तर आठवडाभर काहीही न बदलता फक्त लिहा: कधी खाल्लं, आणि तेव्हा भूक होती का. माझ्या वहीत दुपारी चारच्या चहासोबत सातही दिवस खारी निघाली, आणि भुकेच्या रकान्यात सातही वेळा "नाही".