चार्जर लावूनच ठेवायचा की काढायचा? सांगलीच्या उन्हाळ्यातला हिशेब

लॅपटॉप दिवसभर टेबलावर असेल तर चार्जर लावून ठेवा, पण चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवा. रोज पाठीवर घेऊन फिरत असाल तर मर्यादेच्या भानगडीत पडू नका. माझं मत एवढंच, कारणं खाली.

लावून ठेवल्याने बॅटरी 'ओव्हरचार्ज' होते ही भीती जुनी झाली. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि मशीन थेट विजेवर चालतं. दुखणं दुसरंच आहे. लॅपटॉपच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो, आणि तसाच महिनोन्महिने राहिला की त्याची क्षमता घटत जाते. लेनोव्होमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड', आसुसमध्ये 'मायआसुस' अ‍ॅपातली सेटिंग, चार्जिंग मध्येच अडवायची ही सोय त्यासाठीच दिली आहे.

चार्जर काढून वापरण्यात खर्च होतात त्या सायकली, म्हणजे पूर्ण १०० टक्के वापराच्या फेऱ्या. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरलेत, तरी मिळून एकच सायकल. बऱ्याच बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलींनंतर थकायला लागतात. घरून काम करणाऱ्याने रोज एक सायकल उडवली तर ५०० दीड वर्षाच्या आत संपल्या. हाताशी प्लग असताना हा खर्च कशाला? आणि 'महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला, तो सोडून द्या.

आपल्याकडे खरा वैरी उन्हाळा. अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांच्या आत ठेवायला सांगते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा त्याच्या वर असतोच, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. अशा खोलीत, गादीवर, १०० टक्के चार्ज असलेला लॅपटॉप म्हणजे सगळ्यात वाईट जुळणी. उन्हात लावलेल्या गाडीतही बॅग ठेवू नका. सातारकरांना थोडी सवलत आहे, महाबळेश्वरकरांना जास्तच.

८० च्या मर्यादेचा तोटा वळीव आला की कळतो. वारं सुटलं की लाइट जाते, आणि बॅकअप तेवढाच कमी मिळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दुपारी आभाळ भरून आलं की मर्यादा काढून १०० करा, दुसऱ्या दिवशी परत लावा. विश्रामबागेत वालचंद कॉलेजला जाणाऱ्या पोरांनी निघायच्या आधी १०० करून घ्यावं. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही.

विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढलात तर 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असतानाची क्षमता) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आत्ताची) असे दोन आकडे दिसतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० असेल तर ७६ टक्के उरली, अजून चालेल. मात्र टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. स्वतः उघडत बसू नका.