टॅब्लो की पॉवर बीआय? एमबीएच्या वर्गात उभं राहून केलेली तुलना

अभ्यासक्रमात 'डेटा व्हिज्युअलायझेशन : कोणतेही एक सॉफ्टवेअर' असं मोघम छापून येतं आणि स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडतात, एक टॅब्लोचा आणि एक पॉवर बीआयचा. दोन्ही आकड्यांचे आलेख काढणारी सॉफ्टवेअर. मी दोन्ही शिकवली आहेत, आता एकच शिकवतो. कोणतं ते पुढे येईलच. आधी दुसऱ्याचं कौतुक करतो, कारण ते खरंच करण्याजोगं आहे.

पहिल्या तासाला टॅब्लोला तोड नाही. टॅब्लोसोबत येणाऱ्या 'सुपरस्टोअर' या नमुना डेटातली 'ऑर्डर डेट' वरच्या पट्टीवर ओढली, 'सेल्स' खालच्या पट्टीवर टाकलं की रेषा उमटते. 'रीजन' रंगावर सोडलं की एकीच्या चार होतात. "सर, सेल्सच्या जागी प्रॉफिट टाकला तर?" असं विचारणाऱ्या मुलीने माझं उत्तर येण्याआधीच तो टाकलेला असतो. टॅब्लो निघालं ते स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून, आणि त्या संशोधनातले पॅट हॅनरहान पुढे संगणकीय चित्रणातल्या कामासाठी ट्यूरिंग पुरस्काराचे मानकरी ठरले. चित्राची ती जाण सॉफ्टवेअरमध्ये मुरलेली दिसते. काहीही न बदलता काढलेला आलेखसुद्धा डोळ्यांना सुसह्य असतो. पॉवर बीआयमध्ये तेवढ्यासाठी फॉरमॅटच्या पट्टीत बराच वेळ खाली-वर करावं लागतं.

आपलं आर्थिक वर्ष घ्या. टॅब्लोत तारखेच्या फील्डवर राइट क्लिक करून वर्षाची सुरुवात एप्रिल केली की काम झालं. (२०२४-२५ ला ते 'एफवाय २०२५' म्हणतं, एवढं मुलांना एकदा सांगून ठेवायचं.) पॉवर बीआयमध्ये वेगळं कॅलेंडर टेबल बांधा, महिन्याच्या नावाला क्रमांकाचा कॉलम जोडा, 'सॉर्ट बाय कॉलम' करा. ते राहिलं तर आलेखात एप्रिलनंतर ऑगस्ट येतो आणि ऑगस्टनंतर डिसेंबर. पुढे डॅक्स, म्हणजे पॉवर बीआयची सूत्रांची भाषा, आहेच. 'कॅल्क्युलेट' हे फंक्शन वर्गातल्या निम्म्या मुलांना सेमिस्टर संपेपर्यंत पचत नाही, असा माझा अंदाज आहे.

पॉवर बीआयची कुरकुर एवढ्यावर थांबत नाही. डेस्कटॉप आवृत्ती मोफत आहे, पण मॅकवर चालत नाही. ऑनलाइन खात्याला साधा जीमेल चालत नाही, संस्थेचाच ईमेल लागतो, आणि बऱ्याच संलग्न कॉलेजांत मुलांना तो मिळालेलाच नसतो. दर महिन्याला नवी आवृत्ती येते, त्यामुळे नोट्समधले स्क्रीनशॉट वर्षभरात जुने होतात. टॅब्लो पब्लिक या टॅब्लोच्या मोफत आवृत्तीला यातलं काही आड येत नाही. मुलगा आपला डॅशबोर्ड (एका पानावर मांडलेले आलेख) तिथे चढवतो आणि लिंक बायोडेटात टाकतो. फक्त ते नावाप्रमाणे सार्वजनिक आहे, म्हणून इंटर्नशिपमधल्या कंपनीचे आकडे तिथे जाता कामा नयेत. विद्यार्थ्यांसाठी पडताळणीनंतर मिळणारं टॅब्लोचं वर्षभराचं मोफत लायसन्स आहे, त्यावर हा प्रश्न बराचसा सुटतो.

इथवर वाचून तुम्ही टॅब्लोकडे झुकला असाल तर ते स्वाभाविक आहे. पण हे सगळं सुपरस्टोअरच्या नमुना डेटापुरतं झालं, आणि तो डेटा आधीच स्वच्छ असतो. आपली मुलं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ज्या फायलींसमोर बसतात त्या तशा नसतात. टॅलीतून काढलेल्या रिपोर्टमध्ये पार्टीचं नाव फक्त पहिल्या ओळीत असतं, खाली सगळं रिकामं. जीएसटीआर-२बीच्या (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या विवरणाच्या) एक्सेलमध्ये दोन-तीन ओळींचं, मर्ज केलेल्या सेलचं शीर्षक असतं. मशीनचं सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०४ हा ५ एप्रिल न राहता ४ मे होतो आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तारीख न होता नुसता मजकूर म्हणून पडून राहतात.

टॅब्लो शिकवत असताना अशी फाईल दिली की मुलं ती आधी एक्सेलमध्ये हाताने साफ करायची आणि मग टॅब्लोत आणायची. जमा व्हायचे ते डॅशबोर्ड देखणे, पण एकाच फाईलवरून काढलेली एकूण विक्री प्रत्येकाची वेगळी. कोणी तीन ओळी उडवल्या, कोणी विक्रीतून वजा करायची क्रेडिट नोट अधिक धरली, काही कळायला मार्ग नाही. "सर, मी फक्त क्लीन केलं" एवढंच उत्तर. मार्क कशाला द्यायचे, रंगांना? या एका त्रासाने माझा निर्णय झाला.

पॉवर बीआयमध्ये डेटा साफ करायचा भाग म्हणजे पॉवर क्वेरी. तिच्यात उजवीकडे 'अप्लाइड स्टेप्स'ची, म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाची, यादी राहते. वरच्या ओळी काढल्या, फिल डाउन केलं (वरचं नाव खालच्या रिकाम्या सेलमध्ये उतरवलं), 'युजिंग लोकेल'ने (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीची ते सांगून) तारीख बदलली, जीएसटीआयएनची, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं वेगळी काढून राज्य ओळखलं (२७ महाराष्ट्र, ३० गोवा), हे सगळं क्रमाने दिसतं. स्टेपवर क्लिक केलं की त्या क्षणी टेबल कसं होतं तेही समोर येतं. एखाद्याचं फिल डाउन हललेलं नसतं, कारण रिकामे दिसणारे सेल रिकामे नसतात, त्यात एक स्पेस दडलेली असते. ती आधी 'नल', म्हणजे खरोखर रिकामी, करावी लागते. ऑडिटचा पेपर लिहिणाऱ्या मुलाला हा माग काढायला शिकवणं मला आलेखाच्या रंगापेक्षा मोलाचं वाटतं.

डेटा साफ करायच्या टॅब्लो प्रेपमध्येही असा माग राहतो, हे मान्य. पण ते दुसरं सॉफ्टवेअर झालं, आणि तेवढे तास कोणाकडे आहेत? उलट पॉवर क्वेरी एक्सेलच्या डेटा टॅबमध्येच बसलेली आहे. मुलाला पुढे पॉवर बीआय नसलेल्या ऑफिसात नोकरी लागली तरी ती तिथे असते. सीएच्या ऑफिसात तर नक्कीच.

तुमचा विषय मार्केटिंगचा असेल, डेटा तयार मिळत असेल, वर्गात मॅकवाले बरेच असतील, तर टॅब्लोच घ्या, मी आडवा येणार नाही. फायनान्स, अकाउंट्स किंवा ऑपरेशन्सची मुलं असतील तर मात्र मी पॉवर बीआयकडे बोट दाखवीन, आणि पहिले काही तास एकही आलेख न काढता नुसत्या पॉवर क्वेरीवर घालवीन. मुलं कंटाळतात, त्याला इलाज नाही.

लॅबमध्ये सगळ्या मशीनवर डी ड्राइव्हला एकाच नावाचं फोल्डर करून घ्या, नाहीतर प्रत्येकाच्या डेस्कटॉपचा पाथ वेगळा आणि तुमच्या मशीनवर एकही फाईल रिफ्रेश होणार नाही. व्हायव्हाला मी त्या फोल्डरमध्ये मुलांनी न पाहिलेल्या महिन्याची फाईल टाकतो आणि 'रिफ्रेश' दाबायला सांगतो. एरर आली तरी मार्क जात नाहीत. ती कोणत्या स्टेपवर आली, हे त्याने मला दाखवायचं.