पुण्यात गतिरोधक किंवा फलक हवा असेल, तर अर्ज महापालिकेकडे की वाहतूक शाखेकडे?

सोसायटीच्या सभेत ठराव होतो, "गेटसमोर स्पीड ब्रेकर बसवून घ्या." मग सचिव अर्ज लिहायला बसतात आणि पहिल्याच ओळीला अडतात: प्रति, कोण? पुण्यात याचं उत्तर तुम्ही नेमकं काय मागताय यावर ठरतं. रस्ता, डांबर, पांढरे पट्टे आणि फलकाचा खांब महापालिकेचा. त्या रस्त्यावर वाहनचालकाला काय बंधनकारक आहे, याचा आदेश मात्र वाहतूक पोलिसांचा. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज बहुतेक वेळा फेटाळलाही जात नाही, तो नुसता पडून राहतो. म्हणून पर्याय नीट पाहून घेतलेले बरे.

सगळ्यात सोपा मार्ग पीएमसी केअर या महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवरच्या तक्रारीचा. फोटो टाकला, जागा दाखवली की झालं. झिजलेले झेब्रा पट्टे, वाकलेला खांब, फांदीआड गेलेला फलक, उखडलेला गतिरोधक अशा मुळात असलेल्या गोष्टी दुरुस्त करून घ्यायला हा मार्ग उत्तम. नवीन काही मागायला तो तोकडा पडतो. नव्या गतिरोधकाला स्थळपाहणी लागते, पोलिसांचा अभिप्राय लागतो आणि पैशांची तरतूद लागते. यातलं काहीही एका तक्रार क्रमांकावर होत नाही. "संबंधित विभागाकडे पाठवले" असं लिहून तक्रार बंद झाली, तर चिडण्यात वेळ न घालवता सरळ लेखी अर्जाकडे वळा.

लेखी अर्ज देण्याआधी रस्त्याची रुंदी पाहा. साधारणपणे १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालय बघतं, त्याहून मोठे रस्ते मुख्य पथ विभाग. गल्लीतल्या रस्त्यासाठी थेट मुख्य इमारतीत गेलात, तर अर्ज फिरून क्षेत्रीय कार्यालयातच येतो आणि मधले आठवडे वाया जातात.

आता काय मागायचं हा प्रश्न. इथे माझं मत ठाम आहे: अर्जात "गतिरोधक बसवा" एवढंच लिहू नका. त्रास काय आहे ते लिहा. शाळा किती वाजता सुटते, मुलं रस्ता कुठून ओलांडतात, गाड्या कोणत्या वळणावरून सुसाट येतात. उपाय एकच नसतो आणि त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय सगळ्यात वाईट असतो.

तो म्हणजे बोल्टने ठोकलेला रबरी किंवा प्लास्टिकचा पट्टा. बसवायला वेळ लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. बस आणि टँकर जाऊन जाऊन त्याचे तुकडे निखळतात आणि रस्त्यात लोखंडी बोल्ट वर डोकावत राहतात. दुचाकीचं चाक आणि पायी चालणाऱ्याची चप्पल, दोन्ही त्यावर अडकतात. शिवाय तो अरुंद आणि उभट असल्यामुळे कंबरेला बसणारा हिसका मोठा.

डांबरी उंचवटा इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाने केला, तर गोष्ट वेगळी. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी त्या मानकातलं माप आहे रुंदी ३.७ मीटर आणि मधली उंची १० सेंटिमीटर. म्हणजे चारचाकीची पुढची आणि मागची चाकं एकदम त्यावर मावतील इतका तो पसरट. त्यावर पट्टे रंगवलेले हवेत आणि उंचवटा येण्याआधी सूचना देणारा फलक हवा. आपल्याकडे प्रत्यक्षात हातभर रुंदीची डांबराची वळकटी टाकली जाते, रंग मारायचा राहून जातो आणि पाण्यासाठी कडेला सोडलेल्या फटीतून दुचाक्या वेग न घटवता निघून जातात. म्हणून अर्जात ही मापं आकड्यांसकट लिहा.

शाळा, दवाखाना, बसथांबा यांसमोर मी उंचावलेलं झेब्रा क्रॉसिंगच मागेन. फूटपाथच्या पातळीवर सपाट ओटा आणि दोन्ही बाजूंना उतार. गाडीचा वेग कमी होतो आणि आजींना पायरी उतरावी लागत नाही. खर्च जास्त, पावसाळी गटाराचं नियोजनही करावं लागतं, पण टिकतं. रम्बलर, म्हणजे रस्त्यावर ओळीने आडव्या मारलेल्या जाड पट्ट्या, फक्त सावध करतात. त्यांना खेटून घर असेल, तर रात्रभर खडखड ऐकावी लागेल.

फलकांचं गणित निराळं. नो पार्किंग, सम-विषम तारखेचं पार्किंग, एकेरी वाहतूक, जड वाहनांना बंदी यासाठी वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांचा आदेश लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली तो निघतो. बहुतेक वेळा आधी प्रायोगिक तत्त्वावर आदेश येतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि मग अंतिम निर्णय होतो. हा मार्ग संथ आहे, तरी पक्का आहे. सोसायटीने स्वतः रंगवून टांगलेल्या "नो पार्किंग"च्या पाटीमागे असा आदेश नसतो, त्यामुळे तिच्या जोरावर कुणाची गाडी उचलून नेता येत नाही. गतिरोधकासाठीही महापालिका पोलिसांचा अभिप्राय घेते. म्हणून अर्जाची एक प्रत पहिल्याच दिवशी तुमच्या भागाच्या वाहतूक पोलीस विभागात द्या.

घाई नसेल, तर चौथा पर्याय नागरिकांच्या अंदाजपत्रकाचा. पुणे महापालिकेने तो २००६ मध्ये सुरू केला. पुढच्या आर्थिक वर्षासाठी आपल्या प्रभागातलं छोटं काम नागरिकांनी सुचवायचं. उंचावलेल्या क्रॉसिंगसारख्या, पैशांवाचून अडलेल्या कामाला हा मार्ग शोभतो. फलकाच्या आदेशासाठी त्याचा काही उपयोग नाही.

नगरसेवकांच्या पत्राने कामाला वेग येतो, हे खरं. पण मार्च २०२२ पासून नगरसेवकांऐवजी प्रशासक कारभार बघत होते, तेव्हा त्या भरवशावर बसलेल्यांचे अर्ज अडकले आणि आवक क्रमांकाचा कागद जपून ठेवलेल्यांना निदान पाठपुरावा करता आला. पोच घ्या. महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर माहिती अधिकारात एवढंच विचारा: आवक क्रमांक अमुक, अर्ज सध्या कोणाकडे आहे, स्थळपाहणी कधी झाली, अभिप्राय काय. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

नो पार्किंग मागत असाल, तर अर्जाआधी समोरच्या दुकानदारांशी बोलून घ्या. हरकती मागवल्या की सगळ्यात आधी त्यांचीच पत्रं जातात. माल उतरवायला सकाळचे दोन तास मोकळे ठेवायची तयारी तुम्हीच अर्जात दाखवलीत, तर त्या पत्रांतली निम्मी लिहिलीच जाणार नाहीत.