हातसडीचा की उकडा? रोजच्या भाताचा प्रश्न

तोंड आलं की मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणायची आणि चार दिवसांनी विसरून जायचं, हे बहुतेक घरांत चालतं. आमच्याकडेही तेच चालू होतं. एकदा डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता विचारलं, "भात किती वेळा?" दोन्ही वेळा, आणि तोही पांढराशुभ्र. तेव्हापासून पॉलिशचा तांदूळ रोजच्या जेवणातून गेला. त्याच्या जागी काय आणायचं हे ठरायला मात्र दोन वर्षं लागली. तुम्ही त्याच वळणावर असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

कागदावर हातसडीचा, म्हणजे कोंडा न काढलेला तांदूळ पुढे आहे. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात बी-1 म्हणजे थायमिन पॉलिशच्या तांदळात सुमारे 0.05 मिलिग्रॅम, उकड्यात 0.17 आणि हातसडीत 0.27 च्या आसपास. तंतूही त्यातच जास्त. चवीचं म्हणाल तर बिनपॉलिशचा आंबेमोहर, त्यावर साधं वरण आणि तूप, याला तोड नाही. बायकोचं माहेर मावळातलं, तिचं मत आजही हेच आहे आणि मी त्यावर वाद घालत नाही.

अडलं ते पावसाळ्यात. आम्ही डोंबिवलीत राहतो. जूनमध्ये भरलेला डबा श्रावणात उघडला की खवट वास यायचा. तांदळावरच्या कोंड्यात तेल असतं, दमट हवेत ते लवकर बिघडतं. त्यात पोरकिडे. उन्हात घालायचं तर ऊन नाही, म्हणून कधी एरंडेल चोळलं, कधी बोरिक पावडर लावली. मग ते जाईपर्यंत धुणं आलं. एका संध्याकाळी मी पाचव्यांदा पाणी बदलत होतो. पातेल्यातलं पाणी तरीही पिठूळ, तांबूस, वर दोन किडे तरंगतायत. ब जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. ज्या कोंड्यासाठी जास्त पैसे मोजून हा तांदूळ आणला, त्यातलं निदान काही तरी मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतत होतो. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

उकड्याची गोष्ट वेगळी आहे. साळ टरफलासकट भिजवतात, उकडतात, वाळवतात आणि मग भरडतात. भिजताना आणि उकडताना कोंड्यातलं थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आत उतरतं आणि पीठ घट्ट झालं की तिथेच राहतं. म्हणून पुढे थोडं पॉलिश झालं, दोनदा धुतलं, तरी बरंचसं टिकतं. उष्णतेने तेल खवट करणारं विकर (एन्झाइम)ही निकामी होतं. माझ्या डब्यात उकडा आषाढ-श्रावण सहज काढतो. किडे अगदीच होत नाहीत असं नाही, पण पाच पाण्यांची वेळ पुन्हा आली नाही.

हे फक्त माझ्या स्वयंपाकघरातलं निरीक्षण नाही. 1905 साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात डॉ. विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट केले. पांढरा तांदूळ खाणाऱ्या 120 जणांपैकी 36 जणांना बेरीबेरी, म्हणजे थायमिन कमी पडल्याने होणारा आजार झाला. उकडा खाणाऱ्या 123 जणांत फक्त दोघे आजारी होते, आणि त्या दोघांना तो भरती होतानाच होता. तेव्हा थायमिन हा शब्दही नव्हता. आपल्या कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या पेज उकड्याचीच होत आली आहे, हे वाचल्यावर मला आजीचा डेचका आठवला.

तोटेही सांगतो. उकडताना येणारा वास सगळ्यांना रुचत नाही. मुलांनी पहिले पंधरा दिवस ताट बाजूला सारलं. दाणा जाड आणि मोकळा, त्यामुळे मऊ वरणभाताची मूद काही जमत नाही. माशाच्या किंवा कुळथाच्या कढीला मात्र तोच हवा. शिजायलाही वेळ लागतो, मी रात्रीच भिजत घालतो.

तांदूळ बदलून सगळं भागेल असंही समजू नका. तोंडाचे कोपरे फाटतात तेव्हा बी-2 कमी पडलेलं असू शकतं, त्यासाठी दूध, दही, अंडी. बी-12 कुठल्याच तांदळात नाही. तुमच्याकडे महिन्याचाच तांदूळ भरत असतील, हवा कोरडी असेल, तर हातसडी घ्यायला माझी काहीच हरकत नाही. सोलापुरात असतो तर कदाचित मीही तोच घेतला असता.

उकडा घ्यायचा ठरला तर आधी दोनच किलो आणा, दाण्यावर कोंड्याच्या लाल पट्ट्या शिल्लक असलेला बघून. आणि भात वेळून पाणी फेकू नका. आमच्याकडे सकाळी त्याची पेजच होते, मीठ घालून, सोबत खारातली कैरी. आता ती मुलंही मागून घेतात.