शिंपल्याच्या तळ्यावर वादळाची राखण: सिमवालं केंद्र की घरातला भोंगा?

शेततळ्यात मोत्यांचे शिंपले टांगून झालेत आणि आता वळवाची धास्ती आहे, अशांसाठी हे लिहितोय. न्यूक्लियस, म्हणजे मोत्यासाठी शिंपल्यात घालायचा मणी, कसा बसवायचा, जाळीच्या पिशवीत दोन शिंपले का, हे सगळं प्रशिक्षणात झालेलं असणार. प्रश्न एवढाच आहे की रात्री वावटळ उठली आणि तळ्यावर काही बिघडलं, तर ते आपल्याला कळणार कसं?

मराठवाड्यात सध्या दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणजे तयार हवामान केंद्र. वाऱ्याच्या वाट्या, पर्जन्यमापक, तापमान, सोबत पाण्यात सोडलेला ऑक्सिजनचा प्रोब. हे आकडे फोर-जी सिमने कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून आपल्या मोबाइलवर येतात. दुसरी तऱ्हा म्हणजे लोरा रेडिओचा डबा, कमी विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारा. एक डबा तळ्याच्या बांधावर, दुसरा घरात, आणि घरातल्या डब्याला भोंगा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो. सिम नाही, रिचार्ज नाही, इंटरनेटही नाही.

निवडीआधी वादळ शिंपल्याचं नेमकं काय करतं ते पाहू, कारण विक्रेते बहुधा मासे-कोळंबीचा हिशेब शिंपल्याला लावतात. समुद्रात शिंपले किंवा शैवाल वाढवणाऱ्यांना भीती असते लाटेची. म्हणून तिथे लाट मोजणारा बोया लागतो आणि नांगराच्या दोरावर ताण मोजणारा लोड सेल. आपल्या ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात लाट वीतभरसुद्धा उठत नाही. इथे पिशव्या टांगलेला दोर जातो तो वेगळ्याच कारणांनी. काळी माती भिजली की बांधावरचा खुंट सैल होतो. खुंटाला घासून घासून दोर आधीच झिजलेला असतो. शेडनेटचा तुकडा, कडब्याच्या पेंढ्या नाहीतर बाभळीची फांदी येऊन दोरावर पडते. आणि सर्वांत जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे दोर तरंगता राहावा म्हणून बांधलेली बाटली. एक लिटरच्या बाटलीचं झाकण दोन उन्हाळ्यांत तडकतं, थेंब थेंब पाणी शिरत राहतं, आणि वादळाच्या तडाख्यात ती बुडते. वादळ निमित्त असतं, दोष झाकणाचा.

परिणाम एकच, दोर खाली बसतो. तीन फुटांवर टांगलेल्या पिशव्या तळाच्या गाळात जातात. तिथे ऑक्सिजन कमी, आणि जाळीची भोकं गाळाने बुजतात. अस्तर नसलेल्या तळ्यात शेतातलं गढूळ पाणी उतरत असेल तर आणखी वाईट. अस्तराच्या तळ्यात ते पाणी येत नाही, पण मे महिन्यात पातळी उतरून उघडी पडलेली फिल्म वाऱ्याने फडफडते, उचलली जाते आणि तिच्याजवळचा दोर ओढते. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो हे लक्षात ठेवावं. ताशी ४० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण ८ किलो, तर ८० ला ३१ किलो.

आता इशाऱ्याचं. वादळ येण्याआधी सांगण्याचं काम दोन्ही यंत्रांचं नाही, हे नीट समजून घ्यावं. वळवाच्या ढगातून सुटलेला गार वारा ताशी ३०-४० किलोमीटरने आला, तर आपल्या बांधावरच्या वाट्या फिरू लागतात तेव्हा तो आलेलाच असतो. आगाऊ सूचनेसाठी फुकटातली साधनं बरी आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप विजेचं सांगतं. हवामान खात्याचा तीन तासांचा तात्कालिक इशारा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा सल्लाही आहे. हे इशारे बहुतेक जिल्ह्याच्या नावाने येतात. लातूर जिल्ह्याचा इशारा उदगीरला खरा होतो आणि औशात धूळसुद्धा उडत नाही. तरी संध्याकाळी तो पाहून बाटल्या आणि खुंट तपासून यायला काही लागत नाही.

म्हणून यंत्राकडून मागायचं ते एवढंच: रात्री दोर बसला किंवा तुटला तर सांग. शिंपल्याची एक सोय इथे आपल्या बाजूने आहे. ऑक्सिजन घटला की मासा तडफडतो, शिंपला कवच मिटून बरेच तास तग धरतो. पहाटे कळलं तरी दोर उचलून पिशव्या वाचतात. चार दिवसांनी कळलं तर नाही. नुकतंच ऑपरेशन झालेले शिंपले अशक्त असतात, त्यांच्या बाबतीत एवढा धीर धरू नये.

याच कारणाने सिमवाल्या केंद्रातला सर्वांत महाग भाग, म्हणजे ऑक्सिजनचा प्रोब, शिंपल्याला तितका उपयोगी वाटत नाही. प्रोब वाईट नाही. तळ्यात मासेही असतील तर तो हवाच. पण हिरव्या पाण्यात आठ-दहा दिवसांत त्याच्या तोंडावर शेवाळाचा थर बसतो आणि आकडा हळूहळू खाली सरकतो. मऊ फडक्याने पुसला की परत वर येतो. पुसायचं राहिलं तर ऐन पावसाळ्यात रोज पहाटे खोटी धोक्याची घंटा वाजते, आणि महिन्याभरात माणूस ती बघणं सोडतो. शिवाय दोर तळाला गेला तरी प्रोब आपल्या खुंटीला वरच टांगलेला असतो. तो वरच्या पाण्याचं सांगतो, पिशव्या मात्र खालच्या पाण्यात.

पण निवड ठरवणारी गोष्ट ही नव्हे. ती दिसायला फार किरकोळ आहे. वारा सुटला की पहिल्या पाच-दहा मिनिटांत फीडर ट्रिप होतो. गावातल्या टॉवरची बॅटरी थोडा वेळ ओढते, मग तोही बसतो. सिमवाल्या केंद्राकडे सोलर असतं, सेन्सर चालू असतात, आकडेही साठत राहतात, फक्त ते पोचत नाहीत. याचा राग नाही, टॉवर त्याच्या हातात नाही. वैताग पुढे आहे. ॲप उघडलं की शेवटचा आलेला आकडा तसाच दिसतो. वारा ताशी १२, पाणी ठीक, हिरवा ठिपका. वेळ कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेली असते, संध्याकाळी ७:४०. आणि आपण पाहतोय रात्री अकराला. बाहेर पत्रे वाजताहेत आणि मोबाइल म्हणतोय सगळं निवांत आहे. सगळ्याच केंद्रांचं असं असेल असं म्हणणार नाही. काहींत तासाभराने राखाडी ठिपका येतो. पण ज्या रात्रीसाठी यंत्र घेतलं, नेमक्या त्याच रात्री ते जुनं सांगतं, हे मनातून जात नाही.

यात भर म्हणजे सिग्नल कमकुवत झाला की मोडेम जास्त जोर लावतो, वीज झटक्यात ओढतो. बॅटरी जुनी असेल तर व्होल्टेज बसतं आणि यंत्र पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतं. सप्टेंबरात सलग ढगाळ दिवसांत हे हमखास पाहायला मिळतं. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्याने असे दिवस भरपूर पाहिले.

लोराच्या डब्यात उलटं आहे. तळ्यावरचा डबा दर मिनिटाला घरच्या डब्याला एक ठोका पाठवतो. सलग पाच ठोके चुकले की भोंगा वाजतो. म्हणजे गप्प बसणं हाच इशारा. वीज पडून डबा जळाला, चोरीला गेला, बॅटरी संपली, काहीही झालं तरी कळतं. आम्ही शेवटी यावरच थांबलो.

आत काय असतं तेही सांगून टाकतो. दोराच्या मध्यभागी पाण्याच्या टाकीत वापरतात तो केबलवाला फ्लोट स्विच, एक फूट केबल मोकळी ठेवून बांधायचा. दोर पृष्ठभागाजवळ असेल तोवर फ्लोट आडवा लोळतो. दोर फूटभर बसला की तो उभा राहतो आणि आतला संपर्क बदलतो. पण दोर खुंटापासून सुटून बाजूला वाहत गेला तर फ्लोट आडवाच राहतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्यासाठी दोराबरोबर बारीक दोन तारी केबल न्यायची आणि पलीकडच्या टोकाला १० किलो-ओहमचा रेझिस्टर जोडायचा. केबल तुटली की रोध अमर्याद होतो, टोकात पाणी शिरलं तर एकदम घटतो, आणि दोन्ही वेगवेगळे ओळखता येतात. केबलला सहा-सात इंच ढील द्यावी. ताणून बांधली तर दोराआधी तीच तुटते आणि उगाच रात्री उठावं लागतं. लाटांनी फ्लोट हलतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये दहा मिनिटांची सबूर ठेवावी. दोरावर लोड सेल लावायचा मोह होतो, टाळावा. वैशाखाच्या उन्हात त्याचा शून्यच सरकत राहतो.

रेडिओ मोकळ्या रानात दोन-अडीच किलोमीटर सहज जातो, पण अँटेना १५ फूट उंचीवर हवी. जानेवारीत चाचणी घेऊन खूश झालेले ऑगस्टमध्ये रडतात, कारण मध्ये ऊस वाढलेला असतो. केबल डब्यात खालून घ्यावी, वरून घेतली तर पाणी तारेवरून थेट सर्किटवर येतं. केबल आत जाते तिथलं ग्लँड घट्ट नसेल तर मुंग्या आठवड्यात आत घर करतात. बांधावर उंदीर असतील तर केबल पाइपातून न्यावी. वाऱ्याच्या वाट्या लावायच्या तर लावाव्यात, पण उन्हाळी धुळीने बेअरिंग जड होतं आणि मग मोठा वाराही मंद दिसतो. फुंकर मारल्यावर वाट्या हलल्या नाहीत तर बेअरिंग बदलावं.

उणीवही मोठी आहे. भोंगा फक्त घरात ऐकू येतो. तुम्ही लातुरात किंवा संभाजीनगरात राहता आणि रानात सालगडीही नाही, तर तो कुणासाठी वाजणार? अशांनी सिमवालं केंद्र घेतलेलं चुकीचं म्हणता येणार नाही. अट एकच, गप्प झाल्यावर ते स्वतःहून सांगणारं हवं. शिवाय त्यात पाऊस-वाऱ्याची नोंद राहते, नुकसानीचा पंचनामा करताना ती दाखवता येते. लोराचा डबा असलं काही जपत नाही, तसा प्रोग्रॅम लिहून घेतला नाही तर. दुरुस्तीचंही पाहावं. सिमवाल्याला कंपनीचा माणूस येतो, कधी येतो ते वेगळं. लोराचा डबा बसवणारं पोरगं पुण्याला नोकरीला लागलं की आपण आपले. म्हणून जोडणीचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवायला सांगावा. सुटे भाग आणून केलं तर दोन डबे, छोटं सोलर पॅनल, बॅटरी, भोंगा धरून सात-आठ हजारांच्या आसपास बसतं. प्रोबसह तयार केंद्र याच्या कितीतरी पट जातं आणि दरवर्षीचं भाडं वेगळं.

ठरत नसेल तर विक्रेत्यासमोर दोन गोष्टी करून पाहाव्यात. दोर हाताने दोन फूट दाबून बारा मिनिटं धरावा आणि निरोप येतो का पाहावं. मग यंत्रातलं सिम काढून, किंवा लोरा असेल तर तळ्यावरचा डबा बंद करून, चहा प्यायला जावं. परत आल्यावर स्क्रीनवर काय दिसतं, किंवा भोंगा वाजतोय का, ते बघावं. हिरवा ठिपका तसाच असेल किंवा भोंगा गप्पच असेल तर पैसे खिशात ठेवावेत.

लोरा घेणार असाल तर घरच्या डब्याला बंद करण्याचा खटका लावू देऊ नका. दोन खोटे भोंगे झाले की घरातलं कुणीतरी तो रात्री पाडतं आणि सकाळी चालू करायला विसरतं. दाबायचं बटण लावावं, आवाज अर्धा तास थांबेल एवढंच.