हँडब्रेकची केबल ‘बदलली’, पैसे घेतले, आत सगळं जुनंच

हँडब्रेकच्या कामात फसवणं फार सोपं आहे. केबल गाडीच्या पोटाखालून जाते, ब्रेक शू, म्हणजे चाक घासून थांबवणारे अर्धगोल तुकडे, चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या आत असतात. बदलले की नाही, बाहेरून कुणाला कळणार? माझ्यासोबत झालं ते लिहितोय, कारण यात पैसे तर गेलेच, पण जीवही जाऊ शकला असता.

आमची छोटी गाडी, मागे ड्रम ब्रेक. सोसायटीच्या उतारावर हँडब्रेक पार वर ओढला तरी गाडी हळूच सरकायची. पुण्यात हायवेलगतच्या एका गॅरेजला दाखवली. मालकाने लिव्हर वर-खाली करून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, दोन्ही केबल गेल्यात, शू पण संपलेत. सगळा सेटच टाकावा लागेल.” 4,800 रुपये घेतले. गाडी हातात आली तेव्हा लिव्हर दोन खटक्यांतच कडक बसत होता. हिशेब साध्या कागदावर. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, “ते भंगारवाला घेऊन गेला.”

पुढे आईला घेऊन वाईला निघालो. खंबाटकी घाट चढताना गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी ओढत होती. मागे बसलेल्या आईलाच आधी करपल्याचा वास आला. चढावर ब्रेकवर पायसुद्धा नव्हता, तरी मागचं डावं चाक इतकं तापलेलं की जवळ हात नेववेना. तसाच पुढचा उतार धरला असता तर? या गाड्यांत पायाचा ब्रेकही मागे त्याच शूवर चालतो. ते असे तापले की पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल पोकळ जातं, म्हणजे दाबलं तरी ब्रेक नीट लागत नाही.

चाक निवू दिलं आणि सावकाश वाई गाठली. तिथल्या मिस्त्रीने जॅक लावला. हँडब्रेक सोडलेला असूनही चाक हाताने फिरेना. ड्रम उघडला तर आत शू जुनेच, लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, घासून चकचकीत झालेलं. केबलच्या आवरणावर वाळलेला चिखल, रबराच्या टोपणाला चिरा. मग लिव्हरखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. ॲडजस्टिंगचा नट शेवटपर्यंत आवळलेला आणि त्याच्या कडांवर पान्याच्या ताज्या खुणा. काम म्हणून झालं होतं ते एवढंच!

शू झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, म्हणून लिव्हर जास्त वर येतो. खरी पद्धत अशी: लिव्हर पूर्ण खाली ठेवून आधी ड्रममधले शू सेट करायचे, मग राहिलेली ढील केबलच्या नटाने काढायची. नुसती केबल ताणली तर शू मागे जागेवर जात नाहीत, सतत घासत राहतात. किती खटक्यांवर ब्रेक लागला पाहिजे, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काम झाल्यावर मागची दोन्ही चाकं उचलायला लावा: लिव्हर खाली असताना हाताने मोकळी फिरली पाहिजेत, वर ओढल्यावर दोन्ही सारखी अडकली पाहिजेत. मेकॅनिक कितीही घाईत असो, हे बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

मुलांच्या सायकलीतही हाच प्रकार चालतो. बऱ्याच सायकलींना ब्रेकच्या लिव्हरपाशी हाताने फिरवायचा छोटा स्क्रू असतो. तो थोडा बाहेर काढला की वायर ताणली जाते. तेवढंच करून नव्या वायरचे पैसे लावतात.

पार्ट बदलायचा असेल तर जुना डिकीत ठेवायला आधीच सांगा आणि पार्ट नंबर असलेलं पक्कं बिल घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. हिशेबाचा कागद, यूपीआयची नोंद आणि वाईत उघडलेल्या ड्रमचे फोटो जपून ठेवलेत. गॅरेजवाला अजून फोन उचलत नाही.